गडी राखावा कीं सोडावा?



कबड्डीच्या मैदानांत गडी बाद होतो, आणि आपल्या पक्षानें गुण मिळविला म्हणजे पुन्हां उठून उभा राहतो. या खेळाची ही रीत फार जुनी आहे. परंतु २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून गड्याच्या वांट्याला आणखी एक प्रसंग आला आहे. त्याचें नांव लिलावांत पुकारलें जातें. एका वर्षीं पुण्याचा म्हणून ज्याच्यासाठीं टाळ्या पडल्या, तोच दुसऱ्या वर्षीं हरियाणाचा होतो, आणि तिसऱ्या वर्षीं गुजरातचा. हा सारा व्यवहार चांगला कीं वाईट, हा प्रश्न मोठा आहे. आजचा प्रश्न त्याहून लहान, पण अधिक नेमका आहे. ज्या एका गड्यावर साऱ्या संघाची मदार असते, त्याला संघानें राखावा कीं सोडावा?

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत कोणी असें म्हणेल कीं, हा तर संघमालकांच्या हिशेबाचा प्रश्न. त्याच्याशीं आपला काय संबंध? परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर असें कोणी म्हणणार नाहीं. मालवण, देवगड, वेंगुर्लें या बाजूस पाऊस सरला आणि शेतें मोकळीं झालीं म्हणजे वाडीवाडीच्या मैदानांवर दिव्यांच्या उजेडांत कबड्डीचे सामने रंगतात. मुंबईच्या गिरणगांवांत हा खेळ ज्यांनीं जोपासला, त्यांत कोंकणांतून पोटासाठीं गेलेले कामगार पुष्कळ होते. चाळीच्या खोलींत दाटीवाटीनें राहणाऱ्या त्या माणसांना खेळावयास चेंडू नको, फळी नको, जाळें नको, एवढी मोकळी जागा आणि छातींत दम असला म्हणजे पुरे, असा हा खेळ होता. तो सुट्टींत त्यांच्याबरोबर गांवीं येई आणि सुट्टी संपल्यावर गांवच्या मुलांत मागें राही. म्हणून पुण्याच्या संघानें आपला भरंवशाचा गडी सोडला, ही बातमी या किनाऱ्यावर नुसती बातमी राहत नाहीं. तिच्यावर दोन पक्ष पडतात आणि वाद रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतो.

हा वाद समजण्यासाठीं खेळांतील एक जागा समजून घेतली पाहिजे. पुरुषांच्या कबड्डीचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. एका बाजूस सात गडी असतात. समोरून एकटा चढाईस येतो आणि त्याला अवघे ३० सेकंद मिळतात. बचाव करणारे सातजण अर्धवर्तुळ करून उभे राहतात. त्या वर्तुळाच्या दोन टोकांस जे असतात ते कोपरारक्षक. चढाई करणारे बहुतेक उजव्या हाताचे असल्यामुळें डाव्या कोपऱ्यावर विशेष भार पडतो, असें या खेळांतील जाणते मानतात. कोपऱ्यांतील गडी झेपावून घोटा धरतो. परंतु घोटा धरला म्हणजे पकड झाली असें नाहीं. त्याच क्षणीं शेजारच्या गड्यानें अंगावर येऊन चढाईची वाट बंद करावी लागते. तो अर्धा पळ उशीर करील तर चढाई करणारा एकाऐवजीं दोघांना बाद करून मध्यरेषा गांठतो. तेव्हां कोपरा हें एका माणसाचें स्थान असलें तरी तें काम एका माणसाचें नाहीं. बास्केटबॉलमध्यें टोपलीखालीं उभा राहणारा उंच मध्यस्थानाचा खेळाडू जसा साऱ्या संघाचा खांब असतो, तसाच हा डावा कोपरा. आणि तेथें काय, येथें काय, वाद नेहमीं या खांबाविषयींच होतो.

कोंकणी श्रोत्याला ही गोष्ट दशावतारावरून लवकर पटेल. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला म्हणजे दशावतारी मंडळी गांवोगांव हिंडूं लागतात. त्यांच्या नाटकाचें कथानक ठरलेलें असतें, पण संवाद लिहिलेले नसतात. राजाचें काम करणारा नट उभ्या जागीं वाक्य टाकतो आणि समोरच्या नटानें तें झेलून परत द्यावयाचें असतें. असा एखादा नांवाजलेला राजा एका मंडळींतून दुसऱ्या मंडळींत गेला, तर प्रेक्षक त्याच्या मागोमाग जातात. पण कधीं कधीं असें होतें कीं, नव्या मंडळींत त्याचें वाक्य झेलणारा कोणी नसतो. मुकुट तोच, आवाज तोच, आणि प्रसंग मात्र रंगत नाहीं. गेलेल्या नटाची किंमत काय होती, हें मग दोन्ही मंडळींना नव्यानें कळतें.

आतां पुण्याच्या संघाची हकीकत पाहूं. २०२२ च्या हंगामांत पुणेरी पलटणचा डावा कोपरा इराणचा फझल अत्राचली सांभाळीत होता. या स्पर्धेंतील तो अत्यंत नामांकित बचावपटू. २०१८ च्या लिलावांत यू मुंबानें त्याला एक कोटि रुपयांस घेतलें होतें. त्याच्या नेतृत्वाखालीं पुण्याचा संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून ३३-२९ असा हरला. दुसरा एखादा संघ अशा कर्णधाराला कवटाळून बसला असता. पुण्यानें पुढच्याच लिलावापूर्वीं त्याला मोकळें केलें. २०२३ च्या लिलावांत फझल १ कोटि ६० लाखांस गुजरातकडे गेला, आणि पुण्यानें त्याच देशाचा, त्याच डाव्या कोपऱ्याचा, पण वयानें बराच लहान असा मोहम्मदरेझा शादलू २ कोटि ३५ लाखांस घेतला. हाच शादलू २०२१ सालीं पाटण्याच्या संघास केवळ ३१ लाखांस मिळाला होता.

पुण्याचा हा डाव साधला. त्या हंगामांत शादलूनें पकडींचे ९९ गुण मिळविले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादच्या अंतिम सामन्यांत पुण्यानें हरियाणाला २८-२५ असें हरवून पहिलें विजेतेपद घेतलें. पुढें जें झालें त्यानेंच वादाला तोंड फुटलें. विजेतेपदाची माळ गळ्यांत असतांनाच पुण्यानें शादलूला सोडलें. २०२४ च्या लिलावांत त्याच हरियाणानें त्याला २ कोटि ७ लाखांस उचललें, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरांत पुण्याच्याच बालेवाडींत पाटण्याला ३२-२३ असें हरवून हरियाणा विजेता झाला. पुणें आठव्या क्रमांकावर राहून बाद फेरीच्या बाहेर पडलें.

येथें एक पक्ष म्हणतो कीं, याहून अधिक पुरावा तो कोणता? ज्याच्याकडे शादलू, त्याच्याकडे विजेतेपद. पुण्यानें आपल्या घरचा खांब उपटून शेजाऱ्याला दिला आणि शेजाऱ्याचें घर उभें राहिलें. जिंकलेला संघ मोडूं नये, हा साधा व्यवहार आहे. शिवाय पुण्यानें ज्या किंमतीस त्याला घेतलें होतें, त्याहून कमी किंमतीस तो दुसऱ्याकडे गेला. मग पैशाची सबब कशी चालेल?

दुसरा पक्ष हिशेबाची वही उघडतो. या लिलावांत संघाला खर्चाची मर्यादा असते, आणि २०२३ पासूनच्या लिलावांत ती पांच कोटि रुपये होती. त्यांतील २ कोटि ३५ लाख एकावरच खर्च केले म्हणजे शेंकडा ४७ रक्कम संपली. संघांत निदान अठरा गडी तरी लागतात. उरलेले २ कोटि ६५ लाख सतराजणांत वांटले तर प्रत्येकाच्या वांट्याला सरासरी पंधरा-सोळा लाख येतात. विजेतेपद मिळाल्यावर संघांतील तरुणांची किंमत वाढते. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशा मुलांना पुण्यानें घडविलेलें. एका खांबासाठीं या भिंती विकावयाच्या काय? आणि २०२४ मध्यें पुणें घसरलें त्याचें कारण शादलू गेला एवढेंच नव्हतें. कर्णधार अस्लम दुखापतीमुळें बाहेर बसला होता.

दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकून घेतल्यावर वाटतें कीं, एका वर्षाच्या निकालावरून यांतील कोणताहि पक्ष जिंकूं शकत नाहीं. म्हणून पुढील वर्ष पाहणें अवश्य आहे. २०२५ च्या लिलावांत शादलू पुन्हां पुकारला गेला आणि २ कोटि २३ लाखांस गुजरातचा झाला. ‘ज्याच्याकडे शादलू त्याच्याकडे विजेतेपद’ हें सूत्र खरें असतें, तर त्या वर्षीं गुजरातनें बाजी मारावयास हवी होती. प्रत्यक्षांत गुजरातचा संघ पहिल्या आठांतहि आला नाहीं. उलट शादलूवांचून खेळणारें पुणें साखळींत अठरांपैकीं तेरा सामने जिंकून अंतिम सामन्यापर्यंत गेलें आणि दिल्लीकडून २८-३१ असें थोडक्यांत हरलें. आणि विजेत्या दिल्लीच्या संघांत कोण होता? पुण्यानें दोन वर्षांपूर्वीं मोकळा केलेला फझल अत्राचली.

तोच गडी, तोच कोपरा, तेंच बळ. पुणें आणि हरियाणा येथें विजय, आणि गुजरातेंत अपयश. फरक कशाचा? हरियाणाचा संघ शादलू येण्यापूर्वींच अंतिम सामन्यापर्यंत पोंचलेला होता. कर्णधार जयदीप दहिया व राहुल सेठपाल यांची बचावफळी उभी होती. त्या फळीला एक कोपरा पाहिजे होता, तो मिळाला. भिंती उभ्या असलेल्या घराला उत्तम तुळई मिळाली म्हणजे घर पुरें होतें. परंतु जेथें भिंतीच नाहींत तेथें तुळई कितीहि सागवानी असली तरी ती जमिनीवर पडून राहते.

चढाई करणाऱ्यांच्या बाबतींत तर हें आणखी स्पष्ट दिसलें आहे. २०२२ सालीं तमिळ थलायवाजनें पवन सेहरावतला २ कोटि २६ लाख ५० हजार रुपये देऊन घेतलें. पहिल्याच सामन्यांत त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. संघ कोसळेल असें सर्वांना वाटलें. पण मागें राहिलेल्या तरुणांनीं त्या वर्षीं त्या संघाला इतिहासांत प्रथमच उपांत्य फेरींत नेलें. पुढील वर्षीं तेलुगु टायटन्सनें त्याच पवनसाठीं २ कोटि ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे आपली निम्म्याहून अधिक थैली रिकामी केली. पवन संपूर्ण हंगाम खेळला, आणि चांगला खेळला. तरी तो संघ साखळींत अगदीं शेवटीं राहिला. यावरून पवन लहान ठरत नाहीं. एका माणसाच्या खांद्यावर सात माणसांचें ओझें टाकणारी योजना मात्र चुकीची ठरते.

या व्यवहाराचें दुसरें एक रूप अमेरिकेंत दिसतें, तेंहि येथें सांगण्याजोगें आहे. तेथील व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें लिलाव नसतो. संघ आपसांत गड्यांची अदलाबदल करतात. करीम अब्दुल-जब्बार हा सात फुटांहून उंच असा मध्यस्थानाचा खेळाडू. त्याच्या बळावर मिलवॉकीनें १९७१ सालीं विजेतेपद मिळविलें. पुढें त्याचें मन त्या शहरांत रमेना, आणि त्यानें स्वतःच आपल्याला दुसरीकडे जाऊं द्यावें असें सांगितलें. १९७५ सालीं मिलवॉकीनें त्याला लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन बदल्यांत चार गडी घेतले. लॉस एंजेलिसनें त्याच्यासह १९८० ते १९८८ या काळांत पांच विजेतेपदें मिळविलीं. मिलवॉकीला पुढचें विजेतेपद मिळण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. आंकडे पाहून कोणीहि म्हणेल कीं, मिलवॉकीनें घोडचूक केली. पण जो गडी मनानें गेला आहे त्याला अंगानें बांधून ठेवून काय मिळालें असतें? मिलवॉकीपुढें राखण्याचा मार्ग जवळजवळ उरलाच नव्हता. रिकाम्या हातानें सोडावयाचा, कीं कांहीं घेऊन सोडावयाचा, एवढीच निवड होती.

या उदाहरणांतून तीन कसोट्या निघतात. गडी राखावा कीं सोडावा हा प्रश्न आला म्हणजे संघानें आधीं असें विचारावें कीं, हा गेला तर त्याच्या जागीं उभा राहणारा कोणी तयार आहे काय? पुण्यानें फझलला सोडतांना शादलू घेतला, म्हणून तें सोडणें शहाणपणाचें ठरलें. शादलूला सोडल्यावर पहिल्या वर्षीं ती जागा तशी भरली नाहीं, आणि त्याची किंमत पुण्याला मोजावी लागली. दुसऱ्या वर्षीं मात्र घरचे तरुण वाढले आणि पोकळी भरून आली. दुसरी कसोटी थैलीची. एका माणसासाठीं निम्मी थैली रिती करतांना उरलेल्या निम्म्या थैलींत शेजारचा गडी मिळतो काय, हें पाहावें. कारण कोपऱ्याची पकड शेजाऱ्यावांचून होत नाहीं. तिसरी कसोटी त्या माणसाच्या मनाची. तो राहूं इच्छितो काय, आणि कशासाठीं?

पहिल्या दोन कसोट्यांवर मालक, प्रशिक्षक आणि प्रेक्षक हवा तितका वाद घालतात. तिसरीकडे क्वचितच कोणी पाहतो. लिलावांत कोणत्या संघानें आपल्याला घ्यावें, हें गड्याच्या हातीं नसतें. ज्याची बोली मोठी, त्याच्याकडे त्यानें जावयाचें. किंमत मोठी असते म्हणून ही गोष्ट झांकून जाते. आणि ज्याच्या घरांत वाढता मुलगा आहे, त्या कोंकणी कुटुंबाचा खरा संबंध या तिसऱ्या कसोटीशींच आहे.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. दोडामार्गाहून तिलारीचा घाट चढून गेलें कीं कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका लागतो. तेथील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा शेतकऱ्याचा मुलगा. २०१८ सालीं यू मुंबानें त्याला ३६ लाख ४० हजारांस घेतलें. त्याचा तो पहिलाच हंगाम. त्यांत त्यानें चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले आणि साऱ्या महाराष्ट्राला त्याचें नांव ठाऊक झालें. पुढच्याच वर्षीं लिलावांत त्याच्यासाठीं तेलुगु टायटन्सनें १ कोटि ४५ लाखांची बोली लावली, आणि मुंबईनें त्याला जाऊं दिलें. मुंबईकर प्रेक्षक हळहळले. हंगाम संपला तेव्हां मुंबई उपांत्य फेरीपर्यंत पोंचली होती, आणि टायटन्स, सिद्धार्थनें पुन्हां दोनशेंवर गुण मिळवूनहि, बाद फेरीबाहेर होते. म्हणजे पहिल्या दोन कसोट्यांवर मुंबईचा निर्णय खरा ठरला.

पण सिद्धार्थच्या बाजूनें पाहिलें म्हणजे काय दिसतें? २०२१ मध्यें त्याची किंमत १ कोटि ३० लाख झाली. त्या हंगामांत थोडेसेच सामने खेळून दुखापतीमुळें त्याला बाहेर व्हावें लागलें. २०२३ मध्यें हरियाणानें त्याला एक कोटीस घेतलें. शेतकऱ्याच्या घरांत पांच-सहा वर्षांत एवढा पैसा येणें ही लहान गोष्ट नाहीं, आणि तो त्यानें घामानें मिळविलेला आहे; त्याविषयीं कोणीहि नाक मुरडूं नये. तथापि ज्या खांद्यावर, ज्या गुडघ्यावर ती किंमत ठरते, तो खांदा आणि तो गुडघा किती वर्षें टिकेल, हें कोणत्याहि बोलींत लिहिलेलें नसतें.

जुन्या पिढीच्या खेळाडूंना लिलाव माहीत नव्हता. त्यांच्या वेळीं चांगल्या गड्याला रेल्वे, पोलिस, बँक किंवा एखादी मोठी कंपनी नोकरी देई आणि तो त्यांच्या संघांतून खेळे. तेथेंहि गडी फोडाफोडी होतच असे. अमक्याला अधिक चांगली नोकरी मिळाली म्हणून तो तमक्या संघांत गेला, अशा गोष्टी तेव्हांहि ऐकूं येत. पगार थोडा होता, छायाचित्र वर्तमानपत्रांत क्वचित येई. परंतु गुडघा मोडला तरी नोकरी मोडत नसे, आणि खेळ संपल्यावरहि महिन्याच्या महिन्याला पगार घरीं येई. नव्या व्यवस्थेनें गड्याला मोल दिलें. जुनीनें त्याला आधार दिला होता. मोल आणि आधार यांतील एकच निवडावें लागूं नये, हीच खरी चिंतेची बाब आहे.

म्हणून मालवणच्या एखाद्या घरांत मुलगा उठून म्हणाला कीं, आपल्याला कबड्डींतच नांव काढावयाचें आहे, तर आईबापांनीं त्याला हंसूं नये आणि अडवूंहि नये. २०१४ पूर्वीं हा मार्ग इतका रुंद नव्हता. आतां तो झाला आहे. मात्र त्याच्या हातीं दोन गोष्टी द्याव्या. एक, शिक्षण किंवा एखादा हुन्नर. कारण तिशी उलटल्यावर बोली उतरते आणि उरलेलें आयुष्य बोलीपेक्षां बरेंच लांब असतें. दुसरी गोष्ट म्हणजे करार वाचण्याची संवय. दुखापत झाल्यास औषधोपचार कोणी करावयाचा, खेळतां आलें नाहीं तर ठरलेले पैसे किती मिळावयाचे, हें सही करण्यापूर्वीं समजून घेणें यांत कमीपणा कसला? आपल्याकडे बैल घेतांनाहि दांत पाहतात. आपल्या मुलाला दुसऱ्याच्या हातीं देतांना कागद पाहूं नये काय?

संघांच्या चालकांनींहि एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. गडी सोडण्यांत पाप नाहीं. कधीं कधीं सोडणें हेंच शहाणपण असतें, हें वरील उदाहरणांनीं दाखविलेंच आहे. पण ज्यानें दोन हंगाम घोटे धरून संघाला जिंकवून दिलें, त्याला आपलें नांव यादींत नाहीं हें वर्तमानपत्रांतून कळावें, असें कधीं होऊं नये. समोर बसवून, कारण सांगून, हात हातांत घेऊन त्याला निरोप द्यावा. त्यासाठीं पांच कोटींच्या थैलींतून एक पैसाहि खर्च होत नाहीं. असा सोडलेला गडी उद्यां समोरच्या कोपऱ्यांत उभा राहील, कदाचित् हरवीलहि. तरी त्याच्या मनांत जुन्या घराविषयीं कडवटपणा राहणार नाहीं.

याच किनाऱ्यावर रापण ओढतांना दोरीला अनेक हात लागतात. कोणाचें जाळें, कोणाचा केवळ हात, आणि मासळी किनाऱ्यावर आली म्हणजे प्रत्येकाला आपापला वांटा मिळतो. दोरीवरचा एक बळकट माणूस दुसऱ्या रापणीवर गेला तर जाळें जड लागतें, पण उरलेल्यांचे पाय रेतींत घट्ट असतील तर तें किनाऱ्याला येतेंच. संघाची गोष्ट याहून निराळी नाहीं. राखावयाचा असेल तर त्याच्या शेजारीं उभा राहणारा आधी शोधावा. सोडावयाचा असेल तर त्याच्या जागेवर येणारा आधी तयार करावा. आणि दोन्ही वेळीं हें विसरूं नये कीं, ज्याची किंमत पुकारली जात आहे त्याला घर आहे, वय आहे, आणि दुखणारा गुडघा आहे.

कोपरा राखण्याची कला कबड्डीनें फार पूर्वींपासून शिकविली आहे. त्या कोपऱ्यांत उभ्या असलेल्या माणसाला राखण्याची कला मात्र या नव्या खेळाच्या बाजारानें अजून शिकावयाची आहे.